झगा राहिला, मुख कुठे गेले?

शास्त्रपाठ : २ करिंथकरांस ३:१३–१८ व ४:६, ७, १ करिंथकरांस ३:१३



मुंबईला कुलाब्यात संत योहानाच्या नावाचे एक जुने चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले आणि १८५८ साली त्याचे समर्पण झाले. लोक त्याला अफगाण चर्च म्हणूनच ओळखतात. त्याच्या खिडक्यांतील रंगीत काचा इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स यांच्या कारखान्यात तयार झाल्या. भर दुपारी बाहेर उभे राहून त्या खिडक्यांकडे पाहावे, तर काळपट काच आणि शिशाच्या वेड्यावाकड्या रेघा यांपलीकडे काही दिसत नाही. आत पाऊल टाकले की त्याच काचा लाल, निळ्या, सोनेरी होऊन बोलू लागतात.

यावरून केलेले उपदेश आपण पुष्कळदा ऐकले आहेत. विश्वास बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही, आत यावे लागते, हा त्यांचा बोध. तो खराच आहे. परंतु अशा खिडक्या घडतात कशा आणि बिघडतात कशा, हे समजून घेताना आमच्या मनाला एक निराळीच गोष्ट बोचली. तीच आज वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे, ठेवावी असे वाटते.

आरंभीच कोणी विचारील की, आपण सुधारणावादी परंपरेची माणसे, आपणांला चित्रांच्या खिडक्या कशाला हव्यात? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडातही तो एके काळी फार कडवटपणे विचारला गेला. १६४३–४४ साली विल्यम डाउसिंग नावाचा मनुष्य पार्लमेंटच्या आज्ञेवरून सफोक व केंब्रिजशायर परगण्यांतील चर्चांतून हिंडला. कोणत्या गावी किती चित्रे फोडली याची नोंद त्याने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवली आहे. त्याला वाटे की आपण निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील आज्ञा पाळीत आहो. अशा फोडाफोडीने आणि पुढच्या हेळसांडीने ही कला क्षीण झाली.

ती पुन्हा बहरली व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत. गावोगावच्या पॅरिश चर्चांना नव्या खिडक्या बसू लागल्या. कोणी बापाच्या स्मरणार्थ खिडकी दिली, कोणी लहानपणी वारलेल्या मुलाच्या. चार्ल्स विन्स्टन नावाच्या एका वकिलाने जुन्या काचांचा इतका अभ्यास केला की तिचे तुकडे रसायनशास्त्रज्ञाकडून तपासून घेतले, आणि त्या तपासणीच्या आधारे लंडनच्या पॉवेल कारखान्यात जुन्यासारखी तेजस्वी काच ओतली जाऊ लागली.

आता खिडकी कशी होते ते पाहू. काचेचा रस भट्टीत असतानाच त्यात धातूंची भस्मे मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, मँगनीजने जांभळा, तांब्याने कधी हिरवा तर कधी लाल. हा रंग काचेवर लावलेला नसतो. काचच त्या रंगाची असते. शंभर पावसाळे गेले तरी निळी काच निळीच राहते.

परंतु चित्र केवळ रंगाने होत नाही. डोळे, ओठ, कपाळावरची आठी, हाताची बोटे, वस्त्राच्या चुण्या हे सर्व काढावे लागते. त्यासाठी लोखंडाचे भस्म आणि काचेची बारीक पूड डिंकाच्या पाण्यात कालवून गडद रंग करतात आणि कुंचल्याने काचेवर रेखाटतात. मुख बहुधा फिक्या, जवळजवळ बिनरंगी काचेवर काढलेले असते. रेखाटन झाले की चित्र पुरे दिसते, पण ते अजून कच्चे असते. बोट फिरवले तर पुसले जाते. म्हणून तो तुकडा पुन्हा भट्टीत घालतात. सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअस उष्णतेला रंगातील काचपूड वितळते, खालची काचही किंचित मऊ होते आणि दोन्ही एकजीव होतात. मग ते तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून, सांध्यांना डाख देऊन खिडकी उभी करतात.

कुंभाराच्या घरी ज्याने मडकी पाहिली आहेत, त्याला हे निराळे सांगायला नको. कच्चे मडके आणि भाजलेले मडके फळीवर शेजारी ठेवले तर आकार एकच. पाणी ओतले की भेद कळतो.

आणि नेमके तेच इंग्लंडात घडले. १८६०–७० च्या सुमारास कित्येक नामांकित कारखाने रंगात टाकणखार घालू लागले. आपला सोनार डाख देताना वापरतो तोच हा टाकणखार. त्याने रंग कमी आचेवर लवकर वितळतो आणि काम सुलभ होते. कोणाच्या मनात कपट नव्हते. विल्यम मॉरिस व त्यांच्या सोबत्यांनी १८६१ साली काढलेली कंपनी तर उत्तम कारागिरीसाठीच प्रसिद्ध होती, पण तिच्याही हातून ही चूक झाली. भट्टीतून निघालेल्या काचा सुरेख दिसत. खिडक्या बसल्या, समर्पणाच्या उपासना झाल्या, देणाऱ्यांची नावे खाली लिहिली गेली.

पुढे काही वर्षांतच दोष दिसू लागला. टाकणखार घातलेला तो रंग ओल सोसू शकत नव्हता. रेघा फिकट होत होत नाहीशा झाल्या. आजही काही चर्चांत अशा खिडक्या दिसतात. संताचा तांबडा झगा तसाच आहे, कारण तो रंग काचेच्या अंगचा. मस्तकाभोवतीचे तेजोवलय आहे. परंतु मुखाच्या जागी फिक्या काचेचा एक कोरा तुकडा आहे. डोळे नाहीत, ओठ नाहीत.

बंधुभगिनींनो, त्या मुखावर कोणी धोंडा मारला नव्हता. डाउसिंगसारखा कोणी हातोडा घेऊन आला नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे रेखाटन बहुधा काचेच्या आतल्या बाजूस असते, म्हणजे वादळपाऊस झेलते ती बाजू निराळी. थंडीच्या दिवसांत मंदिरातील उबदार हवेचा दमटपणा गार काचेवर पाणी होऊन साचतो. त्यात उपासकांच्या श्वासाचाही भाग असतो. म्हणजे उपासना चालू असतानाच, गीते गाइली जात असतानाच, आतल्या बाजूने मुख पुसले जात होते आणि कोणाला ते कळत नव्हते.

पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो की, सृष्टीच्या आरंभी ज्याने अंधारातून प्रकाश बोलाविला, त्याच देवाने आपल्या अंतःकरणांत उजेड पाडला आहे. हेतू हा की, ख्रिस्ताच्या मुखावर झळकणारे देवाचे तेज ओळखले जावे. म्हणजे मंडळीच्या अस्तित्वाचे प्रयोजनच हे की तिच्यात ते मुख दिसावे. आपल्या भिंतींना साध्या काचा असतील, काही ठिकाणी काचाही नसतील, नुसते लाकडी झडपांचे दार असेल. त्याने काही बिघडत नाही. देवाने आपले चित्र काचेवर काढावयास सांगितलेले नाही. पण ख्रिस्ताचे स्वरूप तुमच्याआमच्यात उमटावे, हे मात्र त्याने मागितले आहे.

मग आपण स्वतःस विचारू या. आपल्या मंडळ्या आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आहेत. कोणी बेळगावकडे, कोणी इंदूर-ग्वाल्हेरला, कोणी बडोद्यास, कोणी हैदराबादेस घरे करून राहिलो. झगा शाबूत आहे. नावे ख्रिस्ती आहेत, नाताळची करंजी आहे, लग्नाला पांढरा पोशाख आहे, दफनभूमीत आजोबांचा दगड आहे, मंदिराच्या भिंतीवर दानशूरांची पाटी आहे. हे सर्व चांगले आहे, आणि आम्ही त्याची थट्टा करीत नाही. पण मुख कुठे आहे? लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, तेव्हा मुख दिसते काय? दोन सख्खे भाऊ एका भिंतीवरून कोर्टात भांडतात आणि त्याच रविवारी मंदिराच्या दोन बाजूंना बसून प्रभुभोजन घेतात, तेव्हा मुख दिसते काय?

हे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथशाळेची वार्षिक तोंडी परीक्षा होती. मुले तयारीची होती. एका मुलीने पवित्र शास्त्रातील ६६ पुस्तकांची नावे एका दमात म्हटली. परीक्षक म्हणून एक वृद्ध शिक्षिकाबाई आल्या होत्या. शेवटी त्यांनी पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला, “बाळांनो, तुमच्या घरात किंवा आपल्या मंडळीत कोणाला पाहून तुम्हांला येशूची आठवण होते?”

वर्ग गप्प झाला. बाईंनी पुन्हा विचारले. तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाला, “त्या फोटोला पाहून.”

मुले हसली. बाई हसल्या नाहीत. आम्हांलाही हसू आले नाही, कारण तो मुलगा आमचा होता.

रात्री आम्ही त्याच्या उत्तराचा विचार करीत बसलो. त्याने खोटे काय सांगितले? रोज सायंकाळी आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होई, आणि त्याच घरात थोरल्या भावाशी वाटणीवरून सात वर्षे अबोला होता. मुलाला आपल्या चुलत्याचे दार ठाऊक होते, पण त्या दाराआत तो कधी गेला नव्हता. क्षमेवरची सुवर्णवचने त्याला आम्हीच पाठ करून दिली होती. चित्र आम्ही काढले होते, पण भट्टीत मात्र घातले नव्हते.

भट्टी म्हणजे काय? पुष्कळदा आपण दुःखालाच भट्टी म्हणतो. आजार येतो, मृत्यू येतो, आणि विश्वासाची परीक्षा होते, हे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतोच. परंतु सर्व दुःखाने मनुष्य पक्का होतो असे नाही. काही जण दुःखाने कडूही होतात. आमच्या समजुतीप्रमाणे भट्टी ही ती जागा, जिथे ऐकलेले वचन पाळण्यासाठी काही तरी मोजावे लागते. पैसा, मान, हट्ट, लोकांत मिरविण्याची हौस, यांपैकी काही तरी जळते, आणि तेव्हाच वचन आपल्या अंगचे होते. त्यापूर्वी ते आपल्यावर असते, आपल्यात नसते.

आणि आपला टाकणखार कोणता? जे काही विश्वासाला कमी आचेवर लवकर चमक आणते, ते. बक्षिसासाठी पाठ केलेली वचने. दोन आठवड्यांत उरकलेले दृढीकरणाचे वर्ग. संजीवन सभेत वर झालेले हात, आणि नंतर त्या हातांची कोणी न घेतलेली विचारपूस. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. भट्टीतून निघालेली काचही सुरेखच दिसत होती. पण कमी आचेचे काम ओल सोसत नाही, आणि संसारात ओल ही असतेच.

इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. काच कितीही पक्की भाजली तरी ती स्वतः प्रकाश देत नाही. रात्री उत्तमातली उत्तम खिडकीही आतून काळीच दिसते. मोशे पर्वतावरून उतरला तेव्हा त्याचे मुख तेजस्वी झाले होते, परंतु त्याला ते ठाऊक नव्हते. आज्ञापालनाने आपण तारण विकत घेत नाही. प्रकाश कृपेचा आहे. आज्ञापालनात एवढेच होते की, त्या प्रकाशापुढे धरलेले चित्र पुसून जात नाही.

पक्क्या भाजलेल्या कामाचे एक उदाहरण त्याच मॉरिस कंपनीचे आहे, आणि ते त्या कटू अनुभवानंतरचे आहे. बर्मिंगहॅम शहरात संत फिलिप्पाचे चर्च आहे. १७१५ साली ते पॅरिश चर्च म्हणून समर्पित झाले आणि १९०५ साली त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. त्याच्या जवळच्या रस्त्यावर तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या एका कारागिराच्या घरी १८३३ साली एक मुलगा जन्मला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याची आई वारली. त्या बाळाचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. तोच पुढे प्रसिद्ध झालेला चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स. ऑक्सफर्डला तो पाळक होण्याच्या इराद्याने गेला होता. तिथे त्याला तसाच इरादा असलेला विल्यम मॉरिस भेटला, आणि दोघेही कलेकडे वळले.

वयाची पन्नाशी उलटल्यावर बर्न-जोन्सने आपल्या बाप्तिस्म्याच्या चर्चसाठी चित्रे काढली आणि मॉरिसच्या कंपनीने त्यांच्या खिडक्या केल्या. पूर्वेला मध्यभागी प्रभूचे स्वर्गारोहण, १८८५ साली. त्याच्या दोन बाजूंना जन्म आणि वधस्तंभ, १८८७ साली. या तीन खिडक्या उपासकांच्या समोर असतात. चौथी, शेवटच्या न्यायाची, १८९७ साली पश्चिमेस बसली. म्हणजे उपासना संपवून लोक मागे वळले की समोर न्यायासनावरचा ख्रिस्त, आणि खाली ढासळणारे नगर. येशूचा जन्म, मरण व स्वर्गारोहण यांविषयी तासभर ऐकून बाहेर पडणाऱ्याला जणू विचारले जाते की, ऐकलेस, आता त्याचे काय करणार?

त्या खिडक्यांनी बरेच सोसले. दुसऱ्या महायुद्धात त्या आधीच काढून सुरक्षित ठिकाणी हलविल्या होत्या. ७ नोव्हेंबर १९४० रोजी बाँबने ते चर्च पेटले आणि आतून जळून गेले. इमारतीची दुरुस्ती होऊन १९४८ साली खिडक्या जागेवर परत आल्या. कारखान्यांच्या शहराची काजळी त्यांवर वर्षानुवर्षे बसत गेली. २०२३ साली त्या साफ करण्यात आल्या, आणि काजळीखाली मुखे होती तशीच होती. वर बसलेला मळ धुता येतो. न भाजलेले मुख मात्र धुऊन परत येत नाही.

मग ज्याचे मुख पुसले गेले, त्याला आशा नाही काय? आहे. मॉरिसच्या कंपनीने आपल्या बिघडलेल्या खिडक्यांतील काही तुकडे शिशातून सोडवून पुन्हा रंगवले आणि पुन्हा भाजून बसवले. अख्खी खिडकी फेकून द्यावी लागली नाही. कारागिराला चूक कबूल करावी लागली, आणि तुकड्याला पुन्हा भट्टीत जावे लागले.

त्या परीक्षेनंतरच्या शनिवारी आम्ही मुलाला घेऊन थोरल्या भावाच्या घरी गेलो. त्या दाराशी उभे राहिलो ते दोन मिनिटे असतील, पण पुष्कळ वेळ गेल्यासारखे वाटले. “दादा, आमचे चुकले,” एवढेच बोलता आले. दादांनी गळ्यात हात टाकले नाहीत. क्षणभर पाहून ते म्हणाले, “बसा.” वहिनींनी चहा ठेवला. वाटणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, आणि त्यातला काही भाग आम्ही सोडून दिला तो पुढे पुष्कळ महिन्यांनी. परतताना मुलगा काही बोलला नाही. आम्हीही त्याला काही विचारले नाही. त्या दिवसाचा पाठ पुस्तकातला नव्हता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या हाती कुंचला आहे, आणि तुमचे काम थोर आहे. वचने पाठ करवून घ्या, कारण रेखाटन नसेल तर भट्टीत घालायचे काय? परंतु दर रविवारी वर्ग सोडताना एक छोटी गोष्ट करावयास सांगा, आणि ती अशी असावी की मुलाला तीत काही तरी द्यावे लागेल. भांडलेल्या मित्राशी आधी बोलणे. आजारी शेजाऱ्याकडे जाणे. चोरलेली पेन्सिल परत करणे. पुढच्या रविवारी, “काय झाले?” म्हणून आठवणीने विचारा. आणि ती गोष्ट त्यांच्या आधी स्वतः करा. मुले आपले बोलणे ऐकतात, पण मुख पाहून शिकतात.

आणि आईबापहो, आपल्या घरातले मूल उद्या कोणाकडे बोट दाखवील, भिंतीवरच्या तसबिरीकडे की तुमच्याकडे? हा प्रश्न परीक्षेच्या दिवसापर्यंत ठेवू नये.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, आमच्या अंगावरचा झगा तुझ्या नावाचा आहे. त्याखाली कोरी काच राहू देऊ नको. आम्हांस आचेचे भय वाटते, तरी आमचा हात धरून आम्हांस तिच्यात ने, आणि तिथे तू आमच्याबरोबर राहा. आमच्या मुलांना आमच्यात तुझे मुख दिसो. ख्रिस्त येशूच्या नावाने मागतो. आमेन.